न झालेल्या गोलांचा हिशेब

डॉक्टरांच्या स्मरणिकेत एका बालरोगतज्ज्ञाने फुटबॉलच्या गोलरक्षकावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु हा गोलरक्षक आपल्याच जुळ्या शहरांत घडला, आणि त्याच्या कारकिर्दीचा विचार करताना मला माझ्या व्यवसायातील एक चूक स्वच्छ दिसू लागली. म्हणून हा लेखनप्रपंच.

पीटर थंगराज यांचा जन्म १९३५ साली तत्कालीन हैदराबाद संस्थानात झाला. सिकंदराबादच्या मॉर्निंग स्टार आणि फ्रेंड्स युनियन या क्लबांतून त्यांनी खेळास आरंभ केला. १९५३ साली ते सैन्यात दाखल झाले. मद्रास रेजिमेंटल सेंटरच्या संघात ते प्रथम सेंटर फॉरवर्ड म्हणून, म्हणजे गोल करण्यासाठी खेळत असत. गोलरक्षक ते नंतर झाले. त्या संघाने १९५५ आणि १९५८ साली ड्युरँड चषक जिंकला. १९५६ चे मेलबर्न आणि १९६० चे रोम ऑलिंपिक, १९५८, १९६२ आणि १९६६ च्या आशियाई स्पर्धा, पुढे कलकत्त्याचे तिन्ही मोठे संघ, १९६७ साली अर्जुन पुरस्कार, १९७१ साली निवृत्ती आणि नंतर प्रशिक्षकाचे कार्य असा हा दीर्घ प्रवास आहे. २००८ साली बोकारो येथे त्यांचे निधन झाले.

१९६२ च्या जकार्ता येथील अंतिम सामन्याची कथा हैदराबादकरांना ठाऊक असावयास हवी. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे आपल्याच गावचे, पेशाने शिक्षक. कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरले होते. पुढच्याच वर्षी ते गेले. प्रेक्षागार भारताच्या विरोधात गर्जत होते. आधीच्या सामन्यांत प्रद्योत बर्मन यांनी गोल सांभाळला होता. अंतिम सामन्यासाठी रहीमसाहेबांनी थंगराज यांना उभे केले. पी. के. बॅनर्जी यांनी एक आणि डोक्याला टाके असलेल्या जर्नेलसिंग यांनी दुसरा गोल केला. दक्षिण कोरियाला एकच गोल करता आला आणि सुवर्णपदक भारताचे झाले.

आज कोणत्याही नोंदीत पाहावे तर गोल करणाऱ्यांची नावे मिनिटांसह सापडतात. जे गोल झालेच नाहीत, त्यांची नोंद कोठेच नसते. गोलरक्षकाचे सारे कर्तृत्व या न घडलेल्या गोष्टींत असते. आपण बालरोगतज्ज्ञ याच जातकुळीचे आहोत. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. परंतु ज्या बालकाचा पाय लुळा पडला नाही, ते बालक आभार मानावयास दवाखान्यात येत नाही. त्याला आणि त्याच्या आईला काही टळले आहे, याची जाणीवही नसते.

येथवरचे वाचून आपल्यापैकी अनेकांना समाधान वाटेल. मात्र मला वाटते ते समाधान अपुरे आहे, कारण काही गोल आपण स्वतःच होऊ दिले आहेत.

काही वर्षांपूर्वी एक परिचित गृहस्थ आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा किंचित स्थूल, बाकी निरोगी. गल्लीतल्या खेळात त्याला नेहमी गोलात उभे करीत, कारण त्याला फारसे धावता येत नसे; तरी तो आनंदाने उभा राही. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता फाउंडेशनचा क्लास सुरू झाला. खेळाच्या तासातून दोन वर्षे सूट मिळेल असे एक सर्टिफिकेट द्या." मी दिले. कारण म्हणून "वारंवार सर्दी-खोकला" असे लिहिले. दाराबाहेर दहा रुग्ण होते आणि नाही म्हणावयास अर्धा तास लागला असता. तीन वर्षांनी तोच मुलगा आला, तेव्हा त्याचे वजन बावीस किलोंनी वाढले होते आणि रक्तदाब वयाच्या मानाने अधिक होता. तो गोल माझ्या हातून सुटला होता.

पालकांची बाजू मी जाणतो. गाव सोडून येथे स्थिरावलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना शेती नाही, वतन नाही. शिक्षण हेच भांडवल. चिक्कडपल्लीच्या ग्रंथालयात आणि अशोकनगरच्या क्लासेसमध्ये परीक्षेसाठी झिजणारी तरुण मुले आपण रोज पाहतो. ही चिंता खोटी नाही. परंतु पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी साठ मिनिटे चांगला घाम निघेल इतकी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही गरज परीक्षेच्या वर्षी स्थगित होत नाही.

दुसरे असे की, मुलाची दिशा तेराव्या वर्षी कायमची ठरवणे शास्त्राला धरून नाही. गोल करणारा थंगराज सैन्यात गेल्यानंतर गोल अडवणारा झाला आणि १९५८ साली आशियातील सर्वोत्कृष्ट गोलरक्षक ठरला. तो मैदानावर होता, म्हणूनच त्याची खरी जागा सापडू शकली. ज्या मुलाला आपण मैदानातूनच उठवले, त्याची जागा कोण शोधणार?

म्हणून व्यवसायबंधू आणि भगिनींना माझी विनंती आहे. वैद्यकीय कारण नसताना खेळातून सूट देणारे प्रमाणपत्र आपल्यापैकी कोणीही देऊ नये. कारण खरे असेल तर मुदत लिहावी आणि मूल काय करू शकते, हेही त्याच कागदावर लिहावे. दमा आटोक्यात असलेले मूल खेळू शकते, हे पालकांना समजावून सांगावे. एकाने नकार दिला आणि दुसऱ्याने सही केली, तर काहीच साधणार नाही. हा नकार सर्वांचा असावा.

त्यासाठी कोणी आपले आभार मानणार नाही, उलट काही पालक दुखावतील. गोलरक्षकाने त्याची अपेक्षा ठेवूनच उभे राहावयाचे असते. त्या मुलाला मी आता पुन्हा मैदानावर पाठविले आहे. तो अजून गोलातच उभा राहतो, असे त्याची आई परवा सांगत होती.