अंगणातील वसंताची नोंद

माघ सरत आला की विदर्भ-मराठवाड्याच्या माळावर पळस पेटतो, उत्तराखंडच्या उतारावर बुरांश लाल होतो आणि उत्तर प्रदेश-बिहारमधील आमराया मोहरतात. महिनोन्महिने मूक असलेला कोकीळ पुन्हा साद घालू लागतो. तो कोठून दूरून आलेला नसतो. बहुतांश भागांत तो वर्षभर तेथेच असतो आणि विणीचा काळ जवळ आला म्हणून बोलू लागतो. ऋतू पालटल्याची ही वार्ता शेतकऱ्याच्या कानी सर्वांआधी पडते. कागदावर मात्र ती क्वचितच उतरते.

ही उणीव केवळ हौसेची नाही. भारतीय हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींनुसार मार्च २०२२ हा तोवरचा सर्वांत उष्ण मार्च होता. पंजाब-हरियाणात ऐन दाणे भरण्याच्या वेळी गव्हाला उष्णतेचा फटका बसला. त्या वर्षी गावातील मोहोर, पळस आणि पाखरे यांचे वेळापत्रक किती दिवसांनी हलले, हे सांगू शकेल अशी वही किती शिवारांत आहे?

पाखरांकडे पाहिल्याने पिकाचा विचारही बदलतो. हिवाळ्यात येणारी पळसमैना ज्वारीच्या कणसांवर उतरते, म्हणून गोफण फिरते. पण तीच नाकतोडे टिपते आणि पळस-सावरीच्या फुलांतील मध पिताना परागही वाहते. तिचे हित-अहित अंदाजाने नव्हे, निरीक्षणाने ठरावे.

सामान्यांच्या नोंदींतूनही शास्त्र उभे राहते. २०२३ च्या ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ या अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा घेतला गेला, तो ३०,००० हून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर. शेतकऱ्यांचा मित्र मानला जाणारा नीलकंठ घटत असल्याचे त्यातूनच पुढे आले.

देशातील ७०० हून अधिक कृषी विज्ञान केंद्रांनी पर्जन्यमान व तापमानाच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवावा: ठरावीक आंब्याला पहिला मोहोर कधी आला, ठरावीक पळस कधी फुलला, कोकीळ प्रथम कधी ऐकू आला. गावच्या शाळेतील मुले हे काम आनंदाने करतील. एका वर्षाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढू नये. तेच झाड, तीच जागा आणि सलग दहा-वीस वर्षे, हेच या नोंदीचे मोल. त्याला खर्च जवळजवळ नाही. मात्र न नोंदलेला वसंत पुन्हा मिळवता येत नाही.