एका शिवीचे मरण

शिव्यांचा अभ्यास आमच्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात नाही, हे एका परीने बरेच आहे. तो असता तर विद्यार्थी पहिल्या वर्गात आले असते आणि आम्ही प्राध्यापक मंडळी नापास झालो असतो! या सदराच्या वाचकांना ठाऊकच आहे की, एखाद्या शब्दाचे बोट धरून भटकायचे, एवढाच माझा धंदा. पण दिवाळीच्या अंकात शिवी घेऊन यायचे म्हणजे घरात पाहुणे बसले असताना मुलाने भलतेच काही बोलून जावे, तसे वाटेल. तरीही वाचकहो, राग मानू नका. ही शिवी मेलेली आहे. आणि तिच्या मरणाची हकीकत वसुबारसेच्या पणतीजवळ बसून ऐकावी अशीच आहे.

लवळे हे माझे आजोळ. पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात. आता तिथल्या टेकडीवर विद्यापीठाच्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत आणि रात्री टेकडीकडे पाहिले तर दिवाळी बारा महिने चालू असल्यासारखी वाटते. मामांच्या गोठ्यात पूर्वी बैलजोडी होती. चिखलणीला यंत्र आले आणि बैल गेले. उरली एक गाय आणि तिची कालवड.

२०२२ सालच्या पितृपक्षात आजोबांच्या तिथीला आम्ही सगळे तिथे गेलो होतो. आजीने गोग्रासाचे पान स्वतः गाईपुढे नेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांची म्हातारी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पान. गाईने पान हुंगले, मान झटकली आणि पायाने तांब्या लवंडून दिला. वडे चिखलात गेले. आजी कडाडली, “बुळकांडी नेवो तुला!”

आणि दुसऱ्याच क्षणी तिने स्वतःच्या गालांत मारून घेतले. “न्हाई गं बाई, न्हाई,” असे म्हणत ती गाईच्या गळ्याखालची पोळी कुरवाळू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते.

आमची सहावीतली कन्यका हे सर्व पाहत होती. तिने मला विचारले, “बाबा, बुळकांडी म्हणजे काय?” मी मराठीचा प्राध्यापक, मी तत्काळ उत्तर दिले, “गुरांचा एक रोग.” “कसला रोग?” या पुढच्या प्रश्नाला मात्र माझ्यापाशी उत्तर नव्हते. शब्द येतो आणि अर्थ येत नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी व्याधी आहे.

उत्तर आजीने दिले. तेही मला नव्हे, मामांना.

त्याचे असे झाले, की त्या दिवसांत सगळीकडे गुरांना लंपी झाला होता. अंगभर गाठी येत, ताप भरे, जनावर चारा सोडी. सरकारी डॉक्टर गावोगाव फिरून लस टोचत होते. लंपीच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद म्हणजे शेळ्यांच्या देवीचा विषाणू. म्हणून त्या वर्षी गाईंना शेळ्यांच्या देवीचीच लस देत होते. डॉक्टर त्याच दुपारी गावात यायचे होते, आणि मामांचे मन काही होत नव्हते. कोणी त्यांना सांगितले होते की, टोचले की दूध आटते. “पुढच्या खेपेला बघू,” मामा म्हणाले. “सण तोंडावर आलेत. चार लिटरचं दोन लिटर झालं तर?”

आजी ओसरीवर बसली होती. ती म्हणाली, “मी आठ वर्सांची व्हते. आमच्या म्हायेरच्या गोठ्यात सहा जनावरं व्हती. आधी डोळं गळाय लागलं, मग तोंडात फोड. मग जुलाब, पिचकारीवाणी. आठ दिसांत गोठा रिकामा झाला. बा दावणीपाशी बसायचा आन् मोकळी दावी हातात घ्यायचा. त्या साली चिखलणीला बैल न्हवतं. आईनं आन् बानं खांद्यावर जू घेतलं, आन् मी माघारी धरून व्हते.” ती थोडी थांबली. “टोचून घे. दूध आटलं तर परत येतंय. रिकामा गोठा म्या एकदा बघितलाय.”

मामा काही बोलले नाहीत. ते उठले आणि त्यांनी गाय सोडून अंगणात आणून बांधली. डॉक्टर चारच्या सुमाराला आले.

घरी परतल्यावर माझे मन स्वस्थ बसेना. कोशात शब्द होता. पण कोश म्हणजे शब्दांची वंशावळ, त्यात मेलेल्यांचे हाल लिहिलेले नसतात. म्हणून मी पशुवैद्यकाची पुस्तके चाळू लागलो, आणि काय सांगू, लवळ्याच्या गोठ्यातून निघालेली वाट पहिल्यांदा पुण्यातच आली! गुरांच्या रोगांचा शोध घेणारी हिंदुस्थानातली पहिली सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे संगमाजवळच्या आजच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, सुरू झाली. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख. बुळकांडी हाच तिच्यापुढचा मोठा शत्रू. पण असल्या सांसर्गिक रोगाचे प्रयोग भरवस्तीत करणे धोक्याचे. म्हणून १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलविण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

याच सुमारास आपल्याकडची बुळकांडी समुद्र ओलांडून गेली होती. कुठे, तर इथिओपियात. वाचकांना हा देश दूरचा वाटेल. पण आपला ‘हबशी’ हा शब्द तिथलाच, आणि निजामशाही सावरून धरणारा मलिक अंबर जन्माने तिकडचाच. त्या देशाशी आपले आणखी एक नाते आहे. आफ्रिकेतल्या पुष्कळ भागांत पूर्वी कुदळीनेच शेती करीत. इथिओपियातला शेतकरी मात्र फार प्राचीन काळापासून आपल्यासारखीच बैलजोडी जुंपून नांगरट करीत आला आहे. १८८७ साली इटलीच्या फौजेसाठी तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात गुरे उतरविण्यात आली. ती हिंदुस्थानातून आली होती आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी आली, असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्या देशाला हा रोग अगदी नवा. अंदाज असा आहे की, शंभरातली नव्वद गुरे मेली. बैल नाहीत म्हणून नांगरट नाही, नांगरट नाही म्हणून धान्य नाही. त्यात पाऊस हुकला आणि टोळ आले. १८८८ ते १८९२ या वर्षांत देशातला तिसरा हिस्सा माणसे गेली, असे सांगतात. सम्राट मेनेलिक स्वतः हाती कुदळ घेऊन जमीन खणू लागले, प्रजेने धीर धरावा म्हणून. ते वाचताना मला आजीचे आईबाप दिसू लागले. सम्राटाच्या हाती कुदळ आणि मुळशीच्या कुणब्याच्या खांद्यावर जू. रोगाला राजा आणि रयत हा भेद माहीत नसतो. पुढे ही साथ सबंध आफ्रिका ओलांडून १८९६ साली दक्षिण टोकाकडच्या मुलखात पोहोचली.

आता मरणाकडे वळू; म्हणजे बुळकांडीच्या. मुक्तेश्वरला १९२० नंतरच्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी या रोगाचा विषाणू शेळीमागून शेळीत टोचीत नेला. होता होता तो गाईंच्या बाबतीत नरम पडला. तो टोचला की थोडा ताप येई, पण पुढे जन्मभर बुळकांडीची भीती नसे. १९५४ साली आपल्या देशाने राष्ट्रीय मोहीम उघडली, आणि टोचणारे लोक बर्फाच्या पेट्या घेऊन खेडोपाडी हिंडले. पुढे केनियात वॉल्टर प्लाउराइट यांनी आणखी सौम्य लस तयार केली. तिला मात्र थंडावा लागे. आणि इथिओपियाच्या अफार वाळवंटात बर्फ कुठला? मग उन्हात महिनाभर टिकेल अशी लस निघाली, आणि टोचण्याचे काम डॉक्टरांऐवजी तिथल्याच गुराख्यांना शिकविण्यात आले. १९९४ साली अवघ्या विसेक गुराख्यांनी ७० हजारांहून अधिक गुरे टोचली! पुढच्या वर्षानंतर तिथे बुळकांडी दिसली नाही. आपल्याकडेही ती १९९५ नंतर आढळली नाही. २०११ साली ती साऱ्या जगातून गेल्याचे जाहीर झाले. माणसाने पृथ्वीवरून समूळ घालविलेले रोग आजवर दोनच: एक देवी आणि दुसरी ही बुळकांडी.

ज्या पुण्यात त्या वेळी ही प्रयोगशाळा निघाली, तिथल्या मराठीच्या प्राध्यापकाला २०२२ साली या रोगाची चार लक्षणे सांगता येऊ नयेत! आधी मला लाज वाटली. मग वाटले, विज्ञानाला याहून मोठे यश ते कोणते? पुतळा नाही, रस्त्याला नाव नाही, एक भयंकर शब्द पोकळ झाला, आणि मुलीने विचारले, “म्हणजे काय?”

पण या विसरण्यात एक खोट आहे. ज्याने रिकामा गोठा पाहिला नाही, त्याला दोन लिटर दूध मोठे वाटते. यात मामांचे काय चुकले? आपणही मुलांना गोवराची लस टोचायला नेताना “आज ताप येईल, उद्या परीक्षा आहे,” असे म्हणतोच ना? हा गोवर बुळकांडीचाच भाऊबंद आहे बरे! आणि शेळ्यामेंढ्यांना होणारा त्याच कुळातला ‘पीपीआर’ हा रोग आपल्या धनगरांच्या कळपांत आणि इथिओपियाच्या डोंगरांत अजून जिवंत आहे. २०३० पर्यंत तो घालवायचा, असे जगाने ठरविले आहे.

त्या वर्षीच्या वसुबारसेला आम्ही पुन्हा लवळ्याला गेलो. गाईचे दूध आठवडाभर कमी झाले होते, मग पूर्ववत आले. आजीने सवत्स धेनूला ओवाळले आणि पुरणाचा घास पुढे केला. गाईने घास घेतला आणि जाता जाता आजीच्या पदराला तोंड पुसले.

आजीने तोंड उघडले. आम्ही सगळे कान टवकारून उभे. तिने नातवंडांकडे पाहिले, पणतीकडे पाहिले, आणि म्हणाली, “शंभर वर्सं जग गं, मेले!”