राक्षसाच्या मांडीचे हाड

गोष्टीतला राक्षस चालू लागला की धरणी हादरते. पण त्याच्या स्वतःच्या हाडांचे काय होत असेल, हे कोणी विचारत नाही. वाचकहो, मी मराठीचा मास्तर. गणिताशी माझे सख्य बेताचेच. तरी फराळाबरोबर एवढा हिशेब चालावा.

बेसनाचा लाडू दुप्पट रुंद वळला तर बेसन दुप्पट नव्हे, आठपट लागते. शरीराचेही तसेच. जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये (१७२६) ब्रॉबडिंगनॅगची माणसे आपल्या बारापट उंच आहेत. म्हणजे वजन १७२८ पट! हाडाचे बळ मात्र त्याच्या जाडीच्या छेदावर ठरते, आणि तो वाढतो १४४ पटच. हाडाच्या कणाकणावर बारापट भार आला. माणसाच्या मांडीचे हाड त्याच्या वजनाच्या सुमारे दसपट भाराखाली मोडते, असे जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ साली लिहिले. तेव्हा या महाकायांचे पहिले पाऊल तेच शेवटचे. गॅलिलिओने तर १६३८ सालीच दाखवून दिले होते की, प्राणी मोठा व्हायचा तर त्याची हाडे बेढब जाड व्हायला हवीत. हत्तीचे पाय खांबासारखे असतात ते उगीच नव्हे.

स्विफ्टला हे गणित येत नव्हते असे नाही. लिलिपुटमध्ये गलिव्हरला सतराशेंहून अधिक माणसांचे अन्न लागते, हा घनाचाच हिशेब. महाकायांच्या देशात मात्र त्याने तो बाजूला ठेवला. तोफांच्या दारूचे वर्णन ऐकून शहारणारा एक भला थोरला राजा त्याला हवा होता. साहित्याला एवढी सूट मी आनंदाने देतो.

निसर्ग ती देत नाही. अमेरिकेतला रॉबर्ट वॅडलो ८ फूट ११ इंच वाढला. मेंदूतळाच्या एका ग्रंथीचा तो विकार होता. चालायला पायांना धातूचे आधार लागत. तो आधार घासून घोट्याला फोड आला, त्यात जंतू शिरले, आणि १९४० साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी तो गेला.

खरा महाकाय असा असतो: धरणी हादरवणारा नव्हे, पाऊल जपून टाकणारा. तुमच्या मुलांच्या वर्गातही बाकात न मावणारा एखादा उंच पोरगा असेल आणि सारे त्याला ‘राक्षस’ म्हणून चिडवत असतील. मुलांना लाडवाचा हिशेब जरूर सांगा; आणि त्या पोराला पाय पसरायला थोडी जागा करून द्या, हेही सांगा.