मोजायचेच नाही?

वंशाबद्दल बोलले की दरी रुंदावते, हा युक्तिवाद फ्रान्सने कायद्यातच उतरवला आहे. तिथली जनगणना वंश विचारत नाही. १९७८च्या कायद्याने अशा नोंदींवर कडक निर्बंध आहेत. कारण हलके नाही. नाझींच्या ताब्यातील पॅरिसमध्ये ज्यूंच्या याद्या झाल्या आणि त्याच याद्या हाती घेऊन १९४२ साली फ्रेंच पोलिसांनी माणसे घराघरांतून उचलली.

तरीही २०१७ साली तिथल्याच हक्करक्षक यंत्रणेच्या पाहणीत काय दिसले? अरब किंवा कृष्णवर्णीय वाटणाऱ्या तरुणांना पोलिसांनी अडवण्याची शक्यता इतरांच्या २० पट! सरकारी तक्त्याला न दिसणारा वंश रस्त्यावरच्या शिपायाला बरोबर दिसतो.

आपण हसू नये. १९५१ ते २०११पर्यंत आपल्याही जनगणनेने अनुसूचित जाती-जमाती वगळता इतरांची जात मोजणे थांबवले होते. जात थांबली का? वधू-वर सूचक जाहिराती पाहा.

बोलण्याने कटुता येते, हे मान्य. निवडणुकीतले बोलणे तर बहुधा त्यासाठीच असते. पण गप्प बसा, हा सल्ला सोसणाऱ्यांकडून आलेला आमच्या तरी ऐकण्यात नाही. आमचे मत बोलण्याच्या बाजूने आहे. वाचकांचे वेगळे असेल, तर जरूर कळवावे.