काचेतला हिशेब

गेल्या वर्षी उन्हाने त्रासून मी मोटारीच्या काचांना काळी फिल्म लावून घेतली. "निम्मा उजेड येतो, साहेब," दुकानदार म्हणाला. १९८९ च्या नियमांत बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के, पुढच्या-मागच्या काचांतून ७० टक्के उजेड यावा असे आहे. मी निर्धास्त!

दिवाळीत तिन्हीसांजेला गल्लीत वळताना सौ. किंचाळली, "अहो, थांबा!" विझलेली फुलबाजी घेतलेले पोर बाजूच्या काचेतून मला दिसलेच नव्हते.

घरी हिशेब मांडला. कारखान्यातून येतानाच हिरवट असलेली माझी काच ७० टक्केच उजेड सोडते. फिल्मने त्यातलाही निम्मा अडवला. उरले ३५!

सकाळी फिल्म खरवडली. वाचकहो, ऊन लागते. पण पोर दिसते.