पुढे शिकायचे काय?

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२ हजार कर्मचारी, आणि तेही प्रामुख्याने मधल्या व वरिष्ठ श्रेणींतील, कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हापासून मुंबई-पुण्याच्या कित्येक घरांतून एक प्रश्न अधिकच काळजीने विचारला जाऊ लागला: आता पुढे शिकायचे तरी काय? प्रश्न विचारणारा गृहस्थ आळशी नव्हे. दहा-पंधरा वर्षे त्याने इमानेइतबारे सॉफ्टवेअर लिहिले आहे. घराच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत. आणि हिंजवडीहून घरी पोचल्यावर अभ्यासासाठी त्याच्यापाशी उरतो तो फार तर एखादा तास.

या तासावर टपून बसलेल्यांची वाण नाही. शिकवणीवर्गांच्या जाहिरातींत दर हंगामास नव्या नावाचा जयघोष असतो. त्या नावाचे आयुष्य किती, हे मात्र कोणी सांगत नाही. एके काळी हजारोंनी आत्मसात केलेल्या फ्लॅशला अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी मूठमाती दिली. गूगलने २०१० साली आणलेल्या अँग्युलरजेएसची उत्तराधिकारी आवृत्ती २०१६ मध्ये इतकी मुळापासून नव्याने लिहिली गेली की जुने जाणणाऱ्यांस पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. उलट एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या सिद्धान्तावर उभी असलेली एसक्यूएल आजही बँकांचे व विमा कंपन्यांचे व्यवहार वाहते आहे. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या ऐन धुमाळीत, न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांसाठी जाहीर आवाहन करावे लागले. ती भाषा १९५९ सालची! म्हणून सर्वांनी कोबोलची पुस्तके झटकावीत, असे आम्ही सुचवीत नाही.

आमचे म्हणणे इतकेच की, ज्या साधनावर आपण रोज काम करतो त्याच्या एक थर खाली काय घडते, ते आधी शिकावे. साधे उदाहरण घ्या. शंभर मागण्यांची यादी व प्रत्येकीच्या ग्राहकाचे नाव पडद्यावर दाखवायचे आहे. बेसावधपणे लिहिलेला प्रोग्रॅम यादीसाठी एकदा आणि नावांसाठी शंभरदा, म्हणजे १०१ वेळा डेटाबेसकडे धाव घेतो. चाचणीच्या दहा नोंदींवर हे खपून जाते; खऱ्या गर्दीत यंत्रणा धापा टाकू लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरल्यापासून प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रे घरोघरी झाली आहेत, आणि असा प्रोग्रॅमही ती निःशंकपणे लिहून देऊ शकतात. तो दोष पाहताक्षणी ओळखणारा माणूस कंपनीला सहज दूर करता येणार नाही. कोणीच करणार नाही, अशी हमी मात्र आम्ही देऊ शकत नाही.

परंतु सगळा भार त्या एकट्या गृहस्थाच्या माथी का? कर्मचाऱ्याच्या तासांचा मोबदला ग्राहकाकडून वसूल करणारा आपला सॉफ्टवेअर उद्योग ‘अद्ययावत राहा’ असा उपदेश त्याला करतो आणि त्यासाठीचा वेळ त्याच्या झोपेतून घेतो. कौशल्य हे कारखान्याचे यंत्र असेल, तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च मालकाचा. आठवड्याचे चार तास कामाच्या वेळातून अभ्यासासाठी द्यावेत, अशी आमची या उद्योगाकडे स्पष्ट मागणी आहे. आणि त्या चार तासांत प्रमाणपत्र कोणते मिळवले, हे विचारू नये.