कुरळ्या केसांची कैफियत

ज्या घरात दाट आणि कुरळ्या केसांची मुलगी आहे, त्या घरात शाळेच्या घाईच्या वेळी काय चालले आहे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही भिंतीपलीकडून कळते. मुलगी पाटावर बसलेली, आईच्या एका हातात बारीक दातांची फणी आणि दुसऱ्या हातात कोरड्या केसांची मूठ. टाळूपासून ओढलेली फणी वीतभर खाली येऊन अडकते, मुलगी कळवळते, "अगं, जरा नीट बस ना" म्हणून आई तिची मान पुढे दाबते, आणि अखेर तेल चोपडून दोन घट्ट वेण्या रिबिनींनी जखडल्या की दोघीही सुटल्यासारख्या उठतात. येथे आईला निर्दय म्हणता येत नाही आणि मुलीला हट्टी ठरविणे तर अन्यायाचे होईल. दोष त्या शिरस्त्याचा आहे, जो सरळ केसांसाठी घडला आणि कुरळ्या केसांवर पिढ्यान् पिढ्या तसाच लादला गेला. कुरळ्या केसांना त्यांचे स्वतःचे शास्त्र आहे, ते आपल्या न्हाणीघरातील आणि स्वयंपाकघरातील सामग्रीने साधण्यासारखे आहे, आणि ते शिकून घेण्याचे सोडून केसांनाच सरळ करावयास निघालेला समाज आपल्या लेकींवर अकारण जुलूम करीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

केसाचा आकार त्वचेखालील केशकूपाच्या घडणीवर ठरतो. सरळ केसाचा आडवा छेद बहुधा वर्तुळाकार असतो. कुरळा केस वाकलेल्या कूपातून उगवतो आणि त्याचा छेद लंबवर्तुळासारखा चपटा दिसतो. टाळूतील ग्रंथींतून स्रवणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते, परंतु वळणावळणाच्या केसावरून ते टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाशी रखरखीत, अशी या केसांची नेहमीची स्थिती असते, आणि प्रत्येक वळण ही तुटण्याची एक नाजूक जागा असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याची. केस भिजला की त्यातील केराटिन नावाच्या प्रथिनामधले हायड्रोजनचे बंध सुटतात आणि केस वाळताना ते पुन्हा जुळतात, त्यामुळे ज्या स्थितीत केस वाळतो तीच स्थिती तो पुढच्या भिजण्यापर्यंत धरून ठेवतो. कोरड्या कुरळ्या केसांतून फणी फिरविली की जुळलेल्या बटा विस्कटतात, प्रत्येक केस आपापल्या दिशेने उभा राहतो, आणि ज्याला आपण झिंज्या म्हणून हिणवतो तो पिंजारलेला भार आपणच निर्माण केलेला असतो.

तेव्हा हे केस विंचरावयाचे ते ओले असताना, आणि नुसते ओले नव्हे तर बुळबुळीत असताना, कारण भिजलेला केस अधिक ताणला जातो व ओढ बसली की अधिक सहज तुटतो. न्हाण्यापूर्वी तासभर आधी केसांना खोबरेल लावून ठेवण्याची आपल्या आज्यांची रीत सर्वस्वी योग्य होती. मुंबईतील एका तेल-उद्योगाच्या प्रयोगशाळेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती, आणि केसातील प्रथिनांची झीज रोखण्याचे काम त्यांपैकी एकट्या खोबरेलाने केले, कारण ते केसाच्या आत शिरते. शिकेकाईविषयी मात्र थोडी सावधगिरी हवी. तिचे भरड चूर्ण दाट कुरळ्या केसांत थापले तर कण बटांत अडकून बसतात आणि ते धुऊन काढताना केस पुन्हा गुंततात, म्हणून शिकेकाई उकळून, गाळून, तिचा काढाच वापरावा. रिठा याहून कडक. तो या केसांना कोरडे करतो. शॅम्पू वापरावयाचा तर सौम्य, आणि तोही टाळूपुरता. लांबीवरून त्याचे ओघळ गेले तरी पुरे. मग कंडिशनर भरपूर लावून, प्रथम बोटांनी आणि नंतर रुंद दातांच्या कंगव्याने, टोकांकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे यावे. टॉवेलने खसाखसा पुसणे पूर्णपणे वर्ज्य. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात केस ओंजळीने दाबून पाणी टिपावे.

माझ्या बहिणीच्या मुलीने यापुढची पायरी मला दाखविली, आणि तिचे साहित्य पाहून मला मोठे समाधान वाटले, कारण ते होते जवस. विदर्भात ज्याची चटणी भाकरीबरोबर नित्य खाल्ली जाते, तेच हे तपकिरी, चकचकीत बी. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ठेवून ती ढवळत राहते. काही मिनिटांतच पाणी दाटू लागते, आणि पळीवरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की पातेले लगेच उतरवून, गरम असतानाच, जाळीच्या कापडातून गाळून घेते, कारण निवल्यावर तो चिकट रस बियांना सोडतच नाही. ओल्या केसांची एकेक बट घेऊन तो रस वरून खाली निथळत लावावयाचा, ओंजळीत बटा खालून वर चुरगाळावयाच्या, आणि मग काहीही करावयाचे नाही. मी सवयीने तिच्या कपाळावरची बट मागे सारावयास गेले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, हात नको लावूस, वाळू दे." वाळल्यावर त्या बटा प्रथम कडक झाल्या, तिने हातावर तेलाचे दोन थेंब चोळून त्या हलकेच दाबल्या, आणि कडकपणा मोडून जे वळसे मोकळे झाले ते इतके देखणे होते की आजवर आम्ही ते वेण्यांत का कोंबून ठेवले याचा मला मनस्वी विषाद वाटला. उरलेला रस शीतकपाटात आठवडाभर टिकतो, पुढे तो नासतो.

देश आणि काळ यांचा हिशेबही धरावा लागतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत केस ओलावा शोषून फुगतात. मराठवाड्यातील बोअरच्या जड पाण्याने त्यांच्यावर क्षारांचे पूट चढते, तेथे शेवटचे पाणी शक्य तर साठविलेल्या पावसाचे घ्यावे.

एवढे सारे साध्य असताना मुली पार्लरची वाट धरतात ती केस कायमचे सरळ करून घेण्यासाठी, आणि या 'कायमचे' शब्दाला आधार नाही, कारण प्रक्रिया होते ती उगवलेल्या केसावर. कूप पूर्वीसारखाच वाकडा राहतो, दोन-तीन महिन्यांत मुळाशी कुरळा केस पुन्हा दिसू लागतो, जुन्यानव्याच्या सांध्यावर तो तुटतो, आणि पुन्हा नव्या खर्चाचा तगादा सुरू होतो. केराटिन उपचार म्हणून जे केले जाते, त्यातील अनेक द्रव्यांतून तापविल्यावर फॉर्माल्डिहाइड हा वायू सुटतो, ज्याची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ सालीच मनुष्याला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत केली. अमेरिकेत ३३,४९७ स्त्रियांच्या पाहणीवर आधारलेला आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर ती वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के आढळले. हा संबंध आहे, कार्यकारणाचा अंतिम निवाडा नव्हे. तरीही जी वस्तू मुळात रोग नाही तिच्या इलाजासाठी एवढी जोखीम पत्करावी, हे मला मान्य होत नाही.

कुरळ्या केसांची अवहेलना आपल्या परंपरेतून आली, असेही म्हणता येत नाही. संस्कृत कवींनी कुटिल कुंतलांचे वर्णन सौंदर्याचे लक्षण म्हणूनच केले, आणि बुद्धमूर्तीच्या मस्तकावर उजवीकडे वळणाऱ्या शंखाकृती वळ्या कोरण्याचा संकेत शिल्पकारांनी शतकानुशतके पाळला. टापटीप म्हणजे सपाट, चोपडलेले केस, ही समजूत शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या शिस्तीतून रुजली. मोकळ्या कुरळ्या केसांच्या मुलीला 'केस विंचरून ये' असे वर्गासमोर सुनावणाऱ्या शिक्षकांना त्या मुलीने पहाटे उठून केसांवर किती मेहनत घेतली आहे याची कल्पनाही नसते. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या केसांवर शाळा आणि नोकरी या दोन्ही ठिकाणी दीर्घकाळ अन्याय झाला. तो इतिहास गुलामगिरीशी निगडित, आपल्याहून फार भिन्न आणि फार कठोर आहे. तेथे कॅलिफोर्निया राज्याला २०१९ साली केसांच्या पोतावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा करावा लागला. आपल्याकडे कायद्याची गरज भासू नये. मुख्याध्यापकांनी नियमपत्रिकेत केस स्वच्छ असावेत आणि डोळ्यांवर येऊ नयेत एवढेच कलम ठेवावे, ते सैल बांधण्याची मुभा द्यावी, आणि कोरडे केस शाळेत विंचरावयास लावू नयेत.

दुसरी जबाबदारी केशकर्तनाचे शिक्षण देणाऱ्या संस्थांची आहे. कुरळा केस ओला असताना ताणून लांब दिसतो. खांद्याच्या मापाने कातरला तर वाळल्यावर तो कानाशी जाऊन बसतो, आणि ते नुकसान भरून यावयास वर्ष जाते. म्हणून हे केस कोरडे असताना, एकेक बट तिच्या स्वाभाविक वळणात ठेवून कातरावेत, हे कौशल्य प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्यक्ष डोक्यावर शिकविले जावे आणि त्याची परीक्षा घेतल्यावाचून कोणालाही प्रमाणपत्र देऊ नये.